अनघाने शिवलेला पोशाख

माझ्या मुलीने, अनघाने, चार महिने खपून जुन्या काळातल्या चिनी राजकन्येचा पोशाख शिवला. मोठ्या घेराचा, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांचा. फोटो काढायला आम्ही बागेतल्या तळ्यावर गेलो. मदतीला तिची मैत्रीण रेवा आली होती.

फोटोग्राफरने चार-पाच फोटो काढले, कॅमेऱ्यात निरखून पाहिले आणि मला म्हणाला, "काकू, ड्रेस मस्त आहे. पण तो त्या दुसऱ्या मुलीला घालून बघूया का?"

अनघाने ते ऐकलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी फक्त "नको" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "दे गं तिला. तिला खुलून दिसेल."

क्रूर माणसं आवाज चढवून बोलतात, असं मला तोवर वाटायचं. मी तर अगदी मायेने बोलले होते.

अनघाने स्वतःच्या हाताने रेवाचा कमरपट्टा बांधला. फोटो अप्रतिम आले. त्यांत बाही वाऱ्यावर उडताना दिसते. त्या दिवशी वारा नव्हता. अनघाच ती बाही पुन्हा पुन्हा हवेत उडवत होती, आणि फोटोग्राफर तिला सांगत होता, "अजून थोडी मागे सरक, तू दिसतेयस."