मी दाबलेली दोन बटणं

त्या कॅसेटींची गोष्ट निघाली की आजही माझे कान गरम होतात. लोक मला निवृत्त अधिकारी म्हणतात. मी हवालदार होतो, अधिकाऱ्याचं नुसतं पोट होतं. शाळेशी आपलं जमलं नाही, छाती फुगवून पोलिसात भरती झालो.

अक्कलकुव्याला असताना, मोबाइलमध्ये गाणी भरून देणाऱ्या एका दुकानदारानं खबर दिली. "हवालदारसाहेब, शिंपी चाचाना घरमा खोकंभर कॅसेटी शेतस. समद्या रेडिओवरना चोरेल!"

मला वाटलं, आली बढती! दोन पंच घेतले, पंचनामा केला, टेपसकट खोकं उचललं आणि सत्तरीच्या चाचांना ठाण्यात आणलं.

"कितीला विकता?"

"विकत नई, साहेब. रेडिओवरना बायासना कार्यक्रममा मन्ही बायको फोन करे. ती शेजारना फोनवर बोले, मी घरमा टेप लाऊ. आते ती नई. तेवढा आवाजच बाकी शे."

"सगळे असंच सांगतात," मी मिशीवर हात फिरवला. गुन्हा दाखल झाला तर खोकं जाणार मुद्देमाल खोलीत. तिथं उंदरांनी फायलीसुद्धा सोडल्या नव्हत्या. चाचा खोक्यावरचा हात काढेनात.

पुरावा ऐकायचा म्हणून मी कॅसेट लावली. वाजवायला एक बटण, भरायला दोन. आपल्याला जोर करायची सवय, दोन्ही दाबली. आवाज येईना. मी ओरडलो, "अरे, दोन चहा सांग, साखर जास्त!"

चाचा ताडकन उठले. "साहेब, मिटी ऱ्हायना! बंद करा!"

जुना आवाज पुसून माझाच भरला जात होता. मी बंद केलं. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग त्यांनीच एक बटण दाबलं. बाई कैरीचं लोणचं सांगत होती. मध्येच हसली, "मन्हा घरधनी घर टेप लाईसन बठेल शे. रोज ऐकस अन् मंग लोनचं मांगस!"

दारात आमचे निरीक्षक साहेब उभे. म्हणाले, "घरी, स्वतःला ऐकायला रेडिओवरचं भरलं तर कायद्यात सूट आहे. विकलं, भाड्यानं दिलं, तर गुन्हा. यांनी विकलंय?"

मग खबऱ्यालाच बोलावलं. दोन प्रश्नांत बोलला, त्याला त्या कॅसेटी गिऱ्हाइकांना भरून विकायच्या होत्या, चाचांनी नाही म्हटलं म्हणून राग.

"आणि हवालदार, तुमच्या मोबाइलमधली गाणी कुठून आली?"

मी फरशी मोजू लागलो. गाणी त्याच दुकानातली.

खोकं मीच डोक्यावरून चाचांच्या घरी पोचवलं. कॅसेटीच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडली की त्या कॅसेटीवर पुन्हा भरता येत नाही. तिथंच बसून सगळ्यांच्या तोडल्या. म्हणालो, "चाचा, ती एक मी खराब केली. माफ करा."

चाचांनी ती लावली. बाई, मग माझा चहाचा आरडाओरडा, मग पुन्हा बाई. ते हसले. डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साहेब. घर कोनी उना का ती पहिले चहाच ठेवे."

कायदा साहेबांनी शिकवला, बाकीचं चाचांनी. आता आमची ही लोणचं घालताना बडबडायला लागली की मी हळूच मोबाइल काढतो. एकच बटण असतं, तरी दोनदा बघून दाबतो.