कडूबाची वाकडी विहीर

मोताळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून कडूबाचं घर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य गोऱ्या साहेबाचं होतं, अन् मी चौथी पास होऊन नुकताच संसाराला लागलो होतो. आमचे मास्तर म्हणायचे, याला गणित सोडून सगळं येतं. पण ती गोष्ट वेगळी. आज कडूबाचं सांगतो.

कडूबा विहिरी खोदायचा. वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला की दोरी तळापर्यंत कुठं भिंतीला शिवायची नाही, इतकी सरळ त्याची विहीर. त्या ओळंब्याचा त्याला भारी अभिमान. एकदा वरवट बकालला लग्नाला गेला, तर मांडवाचा खांब कललेला दिसला म्हणून पंगत सोडून ओळंबा लावत बसला! बुंदी संपली, पण खांब सरळ झाला.

त्याची बायको सोजराबाई चोळ्या शिवायची. वरच्या खोलीत चुलीचा धूर अन् टिनाच्या छपराचा ताव, म्हणून ती तळघरात बसे. गारवा छान, पण खिडकी निम्मी जमिनीत. तिच्यापुढं परसातली माती. भर दुपारी घासलेटची चिमणी लावावी लागे. डोळे चुरचुरू लागले तेव्हा वैद्यानं बजावलं, "चिमणीपाशी शिवणं बंद. नाहीतर नजर जाईल."

सोजराबाई दोन दिवस सुईचा डबा नुसता मांडीवर घेऊन बसली. माझी बायको रुखमाबाई मला म्हणाली, "सुई सुटली तं वैनी खंगून जातीन."

कडूबानं कुदळ उचलली. खिडकीपुढची माती काढली की झालं! चार दिवसांत दोन हात रुंद खड्डा, खोदलेल्या तिन्ही भिंती ओळंब्यात. आम्हाला बोलावून दोरी सोडून दाखवली.

खालून सोजराबाई ओरडली, "अवो, ऊन कुठी हाय?"

"हवा तं येऊन राह्यली ना!"

"मले सुईत हवा ओवाची नाही. तुम्हीच खाली या अन् ओवून दाखवा."

कडूबा खाली गेला. दोरा ओठानं ओला केला, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली. दोरा काही जाईना.

"आता वर पाहा," ती म्हणाली.

समोर त्याचीच सरळ भिंत, अन् वर वीतभर आभाळ.

"मले तं विहिरीतून जल्मभर एवढंच दिसलं," तो पुटपुटला.

"तुम्ही सांजच्याले वर येता. मी दिवसभर अटी खालीच बसते."

"काऊन, मंग भिंत वाकडी करू का?"

"करा ना! वावराच्या बांधावानी, पायरी पायरीनं."

त्या दिवशी कडूबा जेवला नाही. ओळंब्यातली भिंत आपल्याच हातानं फोडायची! पण सकाळी त्यानं ओळंबा खुंटीला अडकवला अन् पहिला घाव घातला. एकामागं एक, मागं सरकत जाणारे तीन रुंद टप्पे काढले. दगड रचले, त्यांना चुना फासला. पावसाचं पाणी खिडकीत शिरू नये म्हणून उतार बाजूच्या नालीकडं दिला. पाण्याचं त्याला कोण शिकवणार! खालच्या सावलीत पुदिना अन् कोथिंबीर, मधल्या टप्प्यावर मेथी, वर झेंडू.

महिन्याभरात सगळं हिरवं झालं. पांढऱ्या दगडांवरून उजेड उड्या मारत तळघरात उतरला. सोजराबाईनं खिडकीशी बसून सुई वर धरली. आम्ही वरून वाकून पाहू लागलो. दोरा पहिल्याच खेपेला आरपार!

"रुखमा," ती म्हणाली, "तुही चोळी घेऊन ये, बाही लावून देते. अन् हे घे." खिडकीतून हात काढून बसल्या जागी कोथिंबिरीची जुडी खुडली.

गावात हसू पिकलं. कडूबाच्या विहिरीला पाणी नाही, कोथिंबीर लागली! तो मात्र मजेत वरच्या टप्प्यावर पाय सोडून बसला, येईल त्याला ती वाकडी भिंत दाखवत.

खालून हाक आली, "अवो, सरका तिकडं! ऊन अडून राह्यलं."

कडूबा हसत सरकला.