रबराच्या पायातलं जोडवं

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तोडलेल्या उसाचा खुंट तळपायात घुसला, अंगात शुगर होतीच, जखम चिघळत गेली आणि बारामतीच्या दवाखान्यात पाय काढावा लागला. सुजलेल्या बोटात जोडवं पार रुतून बसलं होतं. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईनं साबण लावून ते ओढून काढलं, तेव्हा मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता.

पाय गेला, पण त्या बोटाचं आवळणं काही गेलं नाही. अजूनही दुपारी जरा आडवं झालं की जोडव्याचं बोट ठणकायला लागतं. नसलेलं बोट! हे सांगायचं तरी कुणाला? आमच्या मालकांना, नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाले, "याड लागलं का तुला?"

रबराचा पाय आला तो बोटांसकट आला. आता सवाष्णीच्या एकाच पायात जोडवं कसं दिसेल? मग मालकांनीच ब्लेडनं त्या बोटांमध्ये फट पाडली, जोडवं बसवलं आणि पडू नये म्हणून पकडीनं आवळलं. ते आवळत होते आणि इकडं माझ्या डोळ्यांत पाणी. पण तोंडातून ब्र काढला नाही, लाज वाटली.

पोराचं लग्न ठरलं तेव्हा तर लाजेनं कहरच केला. मुलगी निमगाव केतकीची. तिकडचे पाहुणे घरी आले, पण मी खुर्चीतनं उठलेच नाही. 'पायाला जरा लागलंय' एवढ्यावर भागवलं. पोरालाही शपथ घातली, बायकोजवळ एवढ्यात काही बोलायचं नाही म्हणून. लंगड्या सासूची उस्तवार करायला दिली का माझी लेक, असं तिची आई म्हणाली तर?

लग्न लागलं, वऱ्हाड आमच्या काटेवाडीला परत आलं. माप ओलांडून सून आत आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी झटकन दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले. "असू दे, असू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली, परत वाकली. "नको म्हटलं ना गं एकदा!" माझा आवाज चढला. मी मुळातच तापट. पोरगी कावरीबावरी होऊन आत निघून गेली.

थोड्या वेळानं मी गोठ्याकडं निघाले, तर ती मागच्या दारात आईशी फोनवर बोलत होती. "आत्या पायाला हातसुद्धा लावू देत न्हाईत. मी त्यांना पसंतच न्हाय गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं झाकायच्या नादात मी त्या पोरीच्या जिवाला घोर लावला होता. सगळं सांगून टाकावं म्हणून तिला हाक मारली. ती आली, समोर उभी राहिली, आणि माझ्या तोंडून काय निघालं? "भाजीत मीठ बेतानं घाल."

दुपारी सत्यनारायणाची पूजा झाली. घर बायकांनी भरलेलं, मी खुर्चीत. सून एकेकीच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. लांबूनच हात जोडले.

"अगं, सासूच्या पाया पड की!" एक बाई म्हणाली.

"आत्यांना चालत न्हाय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आता ही पोरगी जन्मभर या घरात नकोशी होऊन राहणार, ते मला समोर दिसलं. मी साडी जरा वर घेतली आणि दोन्ही पाय पुढं केले. "पड, बाई."

तिनं डाव्या पायाला हात लावला, मग उजव्याला. हात तिथंच थबकला. तिनं वर माझ्याकडं बघितलं. परत खाली बघितलं, आणि तिरकं झालेलं जोडवं सरळ करायला जरा दाबलं.

"आई गं! हळू!" मी कळवळून ओरडले.

मागं कुणीतरी पदर तोंडाला लावून फिसकन हसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. चारचौघींत रबराच्या बोटासाठी ओरडले मी!

सून हसली नाही. तिथंच माझ्या पायाशी मांडी घालून बसली.

"लई आवळतंय व्हय, आत्या?"

"व्हय. पाय काढल्यापासनं."

तिनं नखानं जोडव्याची दोन्ही तोंडं हळूहळू फाकवली. "आता?"

सगळ्या बघत होत्या. माझे कान लाजेनं तापले होते. पण पाय मी मागं घेतला नाही.

"अजून जरा सैल कर," मी म्हटलं.