काशीतला नळ

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास मेडशीत आमच्या शेजारी एक विधवा मावशी राहायच्या. सकाळी विहिरीवर त्या आडव्या आल्या की बाया तोंड फिरवायच्या, म्हणून सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर भर उन्हात त्या एकट्या जायच्या. बोलायच्या थोडं, आणि शेवटी हमखास 'मंग काय त'.

एकदा सासूबाईंबरोबर मी काशीला गेले, तेव्हा मावशीही सोबत होत्या. आम्ही यात्रेकरूंच्या गर्दीतून देवळं नि घाट पाहत हिंडायचो. मावशी पहिल्या दिवसानंतर आल्याच नाहीत. धर्मशाळेत विहीर असूनही त्या कळशी घेऊन गल्लीतल्या नळावर जायच्या.

"तिथं कायले जाता वो मावशी?" मी विचारलं.

"बाया रायतात तिथं. मंग काय त."

शेवटच्या सकाळी मी त्यांना बोलवायला गेले. रांगेतली एक बाई नंबरावरून मावशींवर खेकसत होती आणि मावशी चक्क हसत होत्या. कळशी भरल्यावर मोडक्या हिंदीत त्या बाईला म्हणाल्या, "कल नहीं आती मैं. लडकी के घर जाना है."

"जल्दी लौटना," बाई म्हणाली.

मावशींना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या हातातली कळशी घेतली.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "वाट पाहतीन बाया माही."