चहाला म्हटलेलं ‘हरकत न्हाय’

आमच्या गावात कुणी कुणाला सरळ ‘हो’ म्हणत नाही. चहा घेणार का विचारा, उत्तर येतं, ‘हरकत न्हाय.’ रिक्षात जरा सरकता का म्हणा, तेच. माझं लग्न ठरवताना वडिलांनी विचारलं की मुलगी पसंत आहे का, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि हेच दोन शब्द टाकले. मी भिवंडी शहरातली, लूमच्या खडखडाटात वाढलेली. ‘म्हणजे मी पसंत आहे की मला चालवून घेणार आहेत?’ असं मी आईला विचारलं आणि एक चापट खाल्ली. तीस वर्षं झाली, त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

वडप्याच्या बाजूला, हायवेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. मी इथे अंगणवाडी चालवते. शेतं जाऊन गोडाऊनं आली म्हणून मी गळा काढणार नाही. आमच्या घरची निम्मी चूल गोडाऊनच्या भाड्यावर पेटते, आणि ते खाऊन वर शेतीची गाणी गायची मला लाज वाटते. त्यामुळे कंपनीचा साहेब पहिल्यांदा ग्रामसभेत आला, तेव्हा मी काही तलवार उपसून बसले नव्हते.

साहेब गोड बोलायचा. डेटा सेंटर बांधायचंय म्हणाला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तुमचे फोटो, व्हिडिओ, बँकेचे व्यवहार, ही सगळी माहिती कुठेतरी ठेवावी लागते, तिची ही जागा, असं त्याने समजावलं.

“म्हंजे गोडाऊनच ना?” माझ्या धाकट्या दिराने विचारलं.

“तसंच समजा,” साहेब हसून म्हणाला.

गोडाऊन म्हटल्यावर आमच्या गावाला काय नवल? पुठ्ठ्याचं आहे, औषधांचं आहे, चपलांचं आहे, आता माहितीचं. तेवढ्यात चहा आला. कप फिरत असतानाच साहेबाने विचारलं, “मग कुणाची काही हरकत?” चार-पाच तोंडांतून एकदम आलं, ‘हरकत न्हाय.’ खरं सांगते, त्यातल्या निम्म्यांनी ते चहाला म्हटलं होतं.

आणि मी ते लिहिलं. ग्रामसेवकाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, म्हणून तो तोंडाने सांगतो आणि सभेच्या वहीत मी लिहिते. ‘सदर प्रकल्पास उपस्थितांची हरकत नाही.’ वळणदार अक्षरात, पूर्णविराम देऊन. मग मीही चहा प्यायले.

दोनेक महिन्यांनी मी वजनकाटा घेऊन डोंगराकडच्या आदिवासी पाड्यावर गेले. महिन्यातून एकदा तिथल्या पोरांची वजनं घ्यायला मला जावंच लागतं. पाड्याच्या अलीकडे एक जुनी दगडी विहीर आहे. इकडे विहिरीला बाव म्हणतात. पाड्याचं सगळं पाणी त्या बावेवर, आणि बाव आमच्या घरच्या जमिनीत. तिथे पोचले तर बावेभोवती लाल झेंड्या रोवलेल्या. दोन माणसं मोजणी करत होती. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई काठावर हंडा पालथा घालून त्यावर बसली होती. तिला मी बय म्हणते, ती मला बाई म्हणते.

मोजणीवाल्याला मी विचारलं, हे काय चाललंय?

“मॅडम, ये कुआँ प्लॉट के अंदर आता है,” तो म्हणाला. “कंपाउंड उधर से जाएगा.”

“और ये लोग पानी कहाँ से भरेंगे?”

“वो मेरे को नहीं मालूम. पानी तो कंपनी को भी लगेगा ना, मशीन ठंडा रखने के लिए. बोअर मारेंगे इधर.”

माहिती तहानलेली असते, हे मला तेव्हा कळलं. पुठ्ठ्याच्या गोडाऊनने कधी कुणाच्या विहिरीत तोंड घातलं नव्हतं.

मी बयच्या शेजारी बसले. ही बाव तुम्हाला कुणी दिली, कधी दिली, कुठे कागद आहे का, असं सरकारी माणसासारखं विचारत सुटले. ती शांतपणे म्हणाली, “कागूद कसला? तुज्या सासऱ्याच्या बापाला माज्या बापानं इचारलं, पानी भरू का. त्यो बोलला, हरकत न्हाय. तवापासनं भरताव.”

त्या एका शब्दावर तीन पिढ्या पाणी भरलं गेलं होतं. बदल्यात पाड्याने काय केलं, तेही मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात बावेचा गाळ पाड्याची माणसं काढतात आणि त्या दिवशी आमच्या घरून नारळ आणि गूळ जातो. सासूबाई गेल्यापासून तो नारळ माझ्या हातून जातो. ज्या शब्दाने बाव उघडली, तोच शब्द मी वहीत लिहून ती बंद करायला निघाले होते. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी एका पोराचं वजन मी दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलं.

घरी येऊन दिराला धरलं. जमीन आमची सामाईक. यजमान गेल्यावर त्यांच्या हिश्श्याला माझं नाव लागलं आहे. ती कंपनीला विकण्याचा करार झाला, तेव्हा बावेचा तुकडा वेगळा आहे असं मी धरून चालले होते, आणि न वाचता सही केली होती. मी, जी गावभर बायांना सांगत फिरते की वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. पण खरेदीखत व्हायचं होतं आणि त्याला माझी सही पुन्हा लागणार होती.

दिराने सातबारा माझ्यापुढे टाकला. “बघ वयनी, इतर हक्कात काय लिवलंय? काय न्हाय. पाड्याचा काय हक्क हाय दाखव.”

सातबाऱ्यावर इतर हक्कांचा एक रकाना असतो. दुसऱ्या कुणाची वाट, कुणाचं पाणी त्या जमिनीत असेल तर तिथे नोंदवतात. आमचा रकाना कोरा होता.

“शब्द दिला होता आपल्या घराने,” मी म्हटलं.

“शब्द सातबाऱ्यावर चढत न्हाय.”

“मग चढवू. तोवर मी सही करणार नाही.”

तो बराच वेळ बोलला. घरातल्या माणसाने घराच्या आड यावं का, शेजारच्या गावाने डोळे झाकून सह्या दिल्या, तू सरकारचं मानधन खातेस आणि सरकारी कामात काडी घालतेस. शेवटचं ऐकून मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? विधवा बाईला ते मानधन म्हणजे मानाने जगायचा आधार असतो. पण भीती वाटली म्हणून मत बदलायचं, तर मग दर महिन्याला पाड्यावर कुठल्या तोंडाने जायचं? तो दमल्यावर मी एवढंच म्हटलं की भात झालाय, हात धुऊन घे.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाकडे गेले. मी लिहिलंय, मीच खोडते, म्हटलं. तो उडालाच. वहीत खोडाखोड चालत नाही, लोकांच्या सह्या आणा, विशेष सभा लावू, तिथे नवा ठराव करा. मग मी घरं धरली. सकाळी अंगणवाडी, दुपारी घरं. ‘आता लिवून झालं, आता काय?’ हे इतक्या दारांत ऐकलं की त्याचं उत्तर माझ्या जिभेवर बसलं: ‘लिहिणारी मेली नाही अजून.’ कुणी हसून सही केली, कुणी मला टाळायला मागच्या दाराने गेला. एकाला तर मी मागच्या दारातच गाठलं. गावातल्या बायांशी मी पाड्याबद्दल कमी आणि त्यांच्या स्वतःच्या बोअरबद्दल जास्त बोलले. डोंगराचं पाणी वरच खेचलं तर खाली काय उतरणार, एवढंच विचारायचे. ते त्यांना लगेच कळायचं.

पाड्यावर मात्र वेगळीच अडचण आली. तिथली माणसं सही करायला तयार होती, पण सभेत ‘हरकत आहे’ म्हणायला तयार नव्हती. ज्याच्या बावेवर पाणी भरलं, त्याच्या तोंडावर हरकत घ्यायची, हे त्यांना बेइमानीचं वाटत होतं. मी पुन्हा पुन्हा समजावलं की मालकीण मीच आहे आणि मीच सांगतेय. बय हंडा घासता घासता ऐकत होती.

सभेला पाडा पहिल्यांदाच एवढा खाली उतरला. बाया मागच्या भिंतीला टेकून बसल्या. साहेब आला होता, त्याच्या शेजारी माझा दीर. मी ठराव वाचला. बाव आणि तिची वाट प्लॉटमधून वगळावी, पाड्याच्या पाण्याची नोंद इतर हक्कात व्हावी, ती होईपर्यंत गावाची हरकत समजावी.

साहेब उठला. आवाज तसाच गोड. “विहिरीला आम्ही हातसुद्धा लावणार नाही. मी सगळ्यांसमोर शब्द देतो. कागदाची गरज काय? आता तर हरकत नाही ना?”

सगळे साहेबाकडे बघायला लागले. मला ते ओठ दिसत होते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीचे, आता उघडतील असे. नेमका तेव्हाच चहा आला. साहेबाने स्वतः एक कप उचलला, मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि बयपुढे वाकला.

“घ्या आजी. चहाला तरी हरकत नाही ना?”

बयने कप हातात घेतला आणि शेजारी जमिनीवर ठेवला.

“हाय,” ती म्हणाली. “हरकत हाय.”

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. बय साहेबाकडे बघतच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं.

“बाई, आदी तं लिव. मंग चा.”