कांदे वर, बटाटे खाली

सुनंदा आज सकाळी गेली.

रडून झालंय. आता लिहितो. नाहीतर तुम्ही सगळे "आरआयपी काकू" लिहून मोकळे व्हाल आणि ही बाई काय चीज होती ते नव्या मंडळींना कळायचंच नाही.

मिशिगनमधल्या ट्रॉयच्या जुन्या मित्रांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी तिथे कार कंपनीत इंजिनिअर. घर होतं, दोन गाड्या होत्या, सगळं छान चाललं होतं.

आणि माझ्या बायकोने लायब्ररीतून पर्माकल्चरवरचं, म्हणजे निसर्गाच्या कलाने शेती करण्यावरचं, एक पुस्तक आणलं.

"श्रीधर, इथे लिहिलंय, कोंबड्यांच्या अंगच्या उबेवर ग्रीनहाऊस चालतं."

"बरं मग?"

"मग काय! आपण करायचं."

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी. कुंडीतल्या तुळशीपलीकडे आयुष्यात काही लावलेलं नाही. दोन वर्षं माझं डोकं खाल्लं. शेवटी मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरियरच्या बाजूला, आम्ही दहा एकर जंगल घेतलं. वीज नाही, फोन नाही. हातपंप, कंदील आणि लाकडावरचा स्टोव्ह.

अट माझी होती. एक हिवाळा आपल्याच जमिनीच्या भाजीवर काढायचा. नाही जमलं तर मुकाट्याने परत ट्रॉय.

ट्रॉयच्या मराठी मंडळात पैजा लागल्या होत्या, ख्रिसमसच्या आत परत येतात म्हणून. नावं घेत नाही. त्यातले दोघे हे वाचतायत.

पहिल्या उन्हाळ्यात ती झपाटल्यासारखी राबली. कोबी, गाजरं, कांदे, बटाटे. कोंबड्याही पाळल्या. टेकडीच्या पोटात आम्ही तळघर खणलं आणि सगळा माल आत रचला. काय ऐट होती आमची!

आणि तिथेच माती खाल्ली.

कांदे-बटाटे एकत्र ठेवले.

अहो, प्रत्येक मराठी घरात ओट्याखाली कांदे-बटाट्यांची एकच टोपली असते! दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

जानेवारीत तळघराचं दार उघडलं आणि वास आला. ओलीने कांदे सडून त्यांचं पाणी खालच्या बटाट्यांवर गळत होतं. अर्ध्याहून जास्त माल गेला.

शेजारची हिल्मा बघायला आली. सत्तरीची फिनिश म्हातारी, जन्म तिथेच गेलेला. "ओनियन्स इन द सेलर?" म्हणाली आणि पोट धरून हसली. कांद्याला कोरडं लागतं, तो माळ्यावर. बटाट्याला गारवा आणि ओल, तो खाली. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट.

सुनंदाला हसू आलं नाही. बाह्या वर केल्या आणि तळघरात बसली. तीन दिवस एकेक बटाटा पुसून वेगळा केला. त्यातल्या सगळ्यात चांगल्या बटाट्यांची एक पेटी भरली आणि झाकणावर खडूने लिहिलं,

"हे खायचे नाहीत."

"अगं, खायचं काय मग?"

"बियाणं आहे ते. मेमध्ये लावायचं. कोबी आहे, डाळ आहे. मरत नाहीस तू."

कोबीची भाजी. कोबीची कोशिंबीर. कोबीची थालीपीठं. बाहेर डोक्यापर्यंत बर्फ. एकदा मी गुपचूप त्या पेटीला हात लावला, तर पायऱ्यांवरून हाक आली, "श्रीधर!"

यार, दचकून पडलो होतो मी.

फेब्रुवारीत जुन्या साहेबाचं पत्र आलं. जागा अजून रिकामी आहे, आठवड्यात कळव.

मला तर देवच पावला. म्हटलं, "सुनंदा, हरलो आपण. चल परत."

ती लाकडं आत आणत होती. थांबलीसुद्धा नाही.

"तू जा. मेमध्ये मला बटाटे लावायचेत. सप्टेंबरमध्ये काढीन. ऑक्टोबरात येईन तुझ्याकडे."

"आणि तोवर इथे एकटी राहशील?"

"कोंबड्या आहेत की."

असा संताप आला! तडक ट्रक काढला आणि वीस मैलांवरच्या गावात जाऊन फोन बूथमध्ये शिरलो. हो सांगायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

साहेब म्हणाला, "सो, व्हेन आर यू कमिंग?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "सॉरी. आय हॅव पोटॅटोज टु प्लान्ट."

फोन ठेवला. घरी येऊन तिला सांगितलं.

"बरं झालं," म्हणाली. "हात धू, कोबी झालाय."

पाठ फिरवून बाहीने डोळे पुसले तिने. मी पाहिलं.

मेमध्ये पेटी उघडली. सप्टेंबरमध्ये बटाटे ठेवायला पेट्या कमी पडल्या. कांदे माळ्यावर चढले. हिल्माने कांदा-बटाट्याचे पोहे दोन बशा खाल्ले.

तेव्हापासून दर वर्षी त्याच बियाण्याची एक पेटी. झाकणावर दर वर्षी ताजा खडू.

दुपारी मोबाइलवर रेवाचा फोन आला, आमच्या लेकीचा. तिच्या घरून, अ‍ॅशबर्नहून, निघालीच आहे. "बाबा, यू कान्ट स्टे देअर अलोन. माझ्याकडे चला. प्लीज."

तिचं काही चुकत नाही. मी एकोणऐंशी वर्षांचा. गुडघे गेलेत. आणि सुनंदाशिवाय हे घर मला खायला उठतंय, सकाळपासूनच.

विचार करून सांगतो म्हटलं आणि तळघरात जाऊन बसलो. पेटी जागेवर होती. गेल्या ऑक्टोबरातली तिची अक्षरं, चांगलीच थरथरलेली. हे खायचे नाहीत.

वर येऊन रेवाला फोन लावला.

"मेमध्ये मला बटाटे लावायचेत. सप्टेंबरमध्ये काढीन. ऑक्टोबरात येईन तुझ्याकडे."

ती हसली आणि रडली. "बाबा, यू साउंड लाइक आई."

सुनंदा, पेटीला हात लावलेला नाही.

जा निवांत.