कापसाच्या खोलीतलं व्हिएन्ना

आता हसायचं नाही म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या.

आमची नार्नूरला बँड पार्टी. आजा, बाप, मग मी, तिघंही क्लॅरिनेटवाले. मला एकच मुलगी, सुजाता. तिला बँडमध्ये यायचं होतं. मी म्हणालो, "पोरीनं वरातीत वाजवावं का? बीएड कर, मास्तरीन हो." आणि बापाचं क्लॅरिनेट माळ्यावर टाकून दिलं. माझ्या मते विषय संपला.

मग फोनवर एक व्हिडिओ दिसला. ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातलं एक बँडवालं घराणं. बाप आणि तीन मुलगे, चौघंही वाल्ट्झ रचणारे. वाल्ट्झ म्हणजे तीनच्या ठेक्यावरचा नाच. ते जाऊन कितीतरी काळ लोटला, तरी नव्या वर्षाला अख्खं शहर त्यांच्याच चाली ऐकतं. अर्ध्यात नेट संपलं, पण ऊर भरून यायला अर्धा व्हिडिओ पुरला.

तालमीला बसलेल्या मंडळींना मी म्हणालो, "काय बाप असंल तो! पोरायच्या हातात सोता वाद्य देल्लं असंल त्यानं."

चहा देता देता सुजाता हसली.

"काऊन हसून राह्यली?"

"काही नाही बाबा. चा घ्या."

काही दिवसांनी दुपारी कापसाच्या खोलीतून तीच चाल यायला लागली. मला वाटलं, बायको फोनवर लावते. बाईला कान आहे, म्हणून मी खूशही झालो. सगळ्यांना थांबवून सांगायचो, "ऐका, हे व्हिएन्ना हाय. फुंक पाहा कशी मुलायम हाय. आपल्यात असं वाजवनारं अजून जन्माला याचं हाय."

माझ्या बापाबरोबर वाजवलेले आमचे दादारावकाका जोरात खोकले.

"काका, खोकू नका. शिका याच्यापासून काही."

"हो बापा, शिकतो," म्हणाले.

एकदा असंच कौतुक रंगात आलं होतं, आणि फोन वाजला. माझ्याच खिशात. आमच्या घरात नेटचा फोन एकच, आणि आत व्हिएन्ना चालूच!

दार ढकललं. कापसाच्या ढिगावर बसून सुजाता माझ्या बापाचं क्लॅरिनेट वाजवत होती. घाबरली, पण क्लॅरिनेट सोडलं नाही.

"बाबा, तुमी तो व्हिडिओ पुरा पाह्यला का? मी पाह्यला तुमच्याच फोनवर, तुमी जेवून लवंडल्यावर. त्या बापानं थोरल्या पोराले वाजवू देल्लं नोतं. बँकेत नोकरी कर म्हने. पोरगा चोरून शिकला, बापाच्याच बँडमधल्या मानसापाशी. अन् मायनं साथ देल्ली."

मी मागे वळलो. दादारावकाका रिकाम्या कपात बघत होते. बायको पदर नीट करत होती, तो नीटच होता.

आता रागवायचं कोणत्या तोंडाने? तिचं कौतुक तर मीच गावभर करून बसलो होतो.

परवा इंद्रवेल्लीच्या लग्नात ती पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली. तीनच्या ठेक्यावर वरातीचे पाय अडखळतात, म्हणून तो वाल्ट्झ पंगतीला वाजवला. वाढपी बुंदीची परात घेऊन डुलायला लागले. माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून माझ्या खिशातला फोन सारखा वाजतो. मी ऐटीत उचलतो, "हॅलो, बँडमास्तर बोलतो."

पलीकडून आवाज येतो, "तुमी राहू द्या हो. पोरीले द्या."